लिसनिंग बार: रेकॉर्डची एक अख्खी बाजू, अनोळखी लोकांसोबत

उत्तररात्र (धागाकर्ती)

गेल्या शनिवारी पहिल्यांदाच एका लिसनिंग बारमध्ये गेले होते. आठवडा झाला तरी ती संध्याकाळ डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रेकॉर्डवर संगीत ऐकवणारा बार. गाणी सगळ्याच बारमध्ये वाजतात, पण इथे लोक त्यासाठीच येतात. काउंटरच्या एका टोकाला सगळ्यांना दिसतील अशी दोन टर्नटेबलं (रेकॉर्ड फिरवणारी यंत्रं), मागे भिंतभर रेकॉर्ड्स, समोर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर आणि बहुतेक खुर्च्यांची तोंडं त्या स्पीकरकडे. नाचायला जागा नाही, फर्माइश चालत नाही. काय लावायचं हे रेकॉर्ड लावणारी व्यक्ती ठरवते.

दार उघडून लगेच आत शिरता येत नाही. आधी छोटा बोळ, मग जाड पडदा. पडदा बाजूला केला आणि मी तिथेच थांबले. आवाज खूप मोठा असेल अशी माझी तयारी होती. तो मोठा नव्हताच. शेजारच्याशी हळू आवाजात बोलता येत होतं, आणि तरीही डबल बासची (माणसाएवढं उंच, खालच्या सुरांचं तंतुवाद्य) तार छेडली की छातीच्या हाडाला कळत होतं. हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

तिथल्या बाई (त्यांना सिलेक्टर म्हणतात) रेकॉर्ड कडांनी धरून काढत होत्या, ब्रश फिरवत होत्या, सुई टेकवत होत्या, आणि मग कव्हर एका छोट्या स्टँडवर लावून ठेवत होत्या. काय चाललंय हे विचारायला कोणाला उठावं लागत नव्हतं. तासाभराने त्यांनी पियानो, बास आणि ड्रम अशा त्रिकुटाची एक रेकॉर्ड लावली. ती मला तोंडपाठ आहे असं वाटायचं. दहा वर्षं मी ती इअरफोनवर ऐकतेय, बहुतेक वेळा प्रवासात. त्यांनी अख्खी बाजू वाजवली, मध्ये काही बदललं नाही.

तिसऱ्या तुकड्यात बासचा एकट्याचा भाग येतो. काउंटरवर चौघेजण गप्पा मारत होते. त्यांना कोणी शूऽऽ केलं नाही. त्यांचा आवाज आपोआप उतरत गेला आणि थांबला. कोणाच्या तरी ग्लासातला बर्फ सरकला तो खोलीभर ऐकू आला. आणि त्या शांततेत पियानो पुन्हा सुरू झाला तेव्हा मला पियानोवाल्याचं गुणगुणणं ऐकू आलं. तो आपल्याच सुरांबरोबर खाली, अगदी घशात, गात होता. दहा वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं ते.

बाजू संपली. सुई आतल्या रिकाम्या चरात फिरत राहिली, टक्... टक्... टक्. चार-पाच फेरे तरी कोणी हललं नाही.

मला रडू आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. प्रश्न असा आहे की हे नेमकं कशामुळे घडलं? रेकॉर्डमुळे? स्पीकरमुळे? खोलीमुळे? की बाकीच्या वीस-पंचवीस जणांमुळे? जाणकारांनी सांगा. आणि तुम्ही गेला असाल तर तुमचे अनुभवही लिहा.


पानगळ

वाचतेय. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.


सोल्डर

छान लिहिलंय. माझं काम जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्याचं, त्यामुळे यंत्रांबद्दल सांगू शकतो.

तुम्ही पर्याय दिलेत त्यात मी पहिला नंबर खोलीला देईन, दुसरा स्पीकरला. रेकॉर्ड त्यानंतर.

"मोठा नव्हता तरी छातीला कळत होता" याचं कारण बहुधा स्पीकरची जात. अशा ठिकाणी पुष्कळदा भोंग्याचे, म्हणजे हॉर्नचे स्पीकर असतात. अल्टेक, जेबीएल या कंपन्यांचे जुने, किंवा १९४६ पासून बनत आलेला क्लिपशहॉर्न. हॉर्न हवेशी जास्त चांगलं जुळवून घेतो, त्यामुळे थोड्या विजेत भरपूर आवाज निघतो. घरातला साधा स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ८८ डेसिबलच्या आसपास देतो, मोठे हॉर्न १०४ च्या आसपास. हा १६ डेसिबलचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण शक्तीच्या हिशेबात तो सुमारे ४० पट आहे. ३००बी व्हॉल्व्हचा (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळीचा) एक अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम ८ वॉट देतो. हॉर्नवर तो जे करेल ते साध्या स्पीकरकडून करून घ्यायला ३०० वॉटच्या वर लागतील. स्पीकरला असा कधीच दम लागत नाही, म्हणून हळू वाजतानाही तार छेडल्याचा तो पहिला क्षण, तो ठोका, शाबूत राहतो. आपल्या शरीराला तोच ठोका कळतो.

आता खोली. कडक समांतर भिंती असल्या की आवाज त्यांच्यामध्ये टोलवला जातो आणि काही खालचे सूर फुगतात, काही गायब होतात. ६ मीटर लांबीच्या खोलीत असा पहिला फुगवटा साधारण २८-२९ हर्ट्झला येतो, पुढचे त्याच्या पटीत. जाड पडदा, पुस्तकासारखी उभी लावलेली हजारो रेकॉर्ड्स, गादीच्या खुर्च्या आणि माणसं हे सगळं आवाज शोषतं किंवा विखुरतं. भरलेली खोली रिकाम्या खोलीपेक्षा वेगळी वाजते. तुम्ही त्या रात्री तिथे बसला होतात म्हणून तो आवाज तसा होता, हे शब्दशः खरं आहे.

आणखी एक. मोठ्या स्पीकरच्या खोलीत टर्नटेबल ठेवणं हे जोखमीचं काम आहे. बास, म्हणजे खालचे सूर, जमिनीतून ओट्यात, ओट्यातून सुईत चढला की सुई तोच परत स्पीकरकडे पाठवते आणि घूंऽऽ असा आवाज वाढत जातो. म्हणून टर्नटेबलाखाली दगडाची किंवा काँक्रीटची जड लादी असते. पुढच्या वेळी वाकून बघा.


मंद्र

+१ सोल्डर. मी इतिहासाची भर घालतो, कारण ही कल्पना आजची नाही.

जपानमध्ये किस्सातेन म्हणजे कॉफीची दुकानं. त्यातली काही फक्त संगीत ऐकण्यासाठी निघाली. टोकियोच्या शिबुयातलं 'लायन' १९२६ चं. तिथे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत लागतं, खुर्च्या आगगाडीच्या डब्यातल्यासारख्या एकाच दिशेने, स्पीकरकडे, आणि बोलायचं नाही. योकोहामात १९३३ मध्ये 'चिगुसा' निघालं ते जॅझसाठी. युद्धानंतर परदेशी रेकॉर्ड विकत घेणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. एका कॉफीच्या पैशात तासन्‌तास नवं जॅझ ऐकायला मिळायचं. तरुण वादक तिथे बसून कानाने चाली उतरवून घ्यायचे. म्हणजे आज जे हौसेचं वाटतं ते मुळात गरजेतून आलं. इचिनोसेकी नावाच्या लहान शहरात १९७० साली 'बेसी' सुरू झालं, आणि तिथल्या जेबीएल स्पीकरचा आवाज ऐकायला लोक लांबून प्रवास करून जायचे.

दुसरा धागा न्यूयॉर्कचा. १४ फेब्रुवारी १९७० ला डेव्हिड मँकुसो यांनी आपल्या राहत्या जागेत नाचाची मेजवानी दिली, पुढे तिलाच 'द लॉफ्ट' नाव पडलं. तिथे लोक नाचायचे, बसायचे नाहीत, पण आवाजाचा आग्रह हाच. क्लिपशहॉर्न स्पीकर, कान दुखणार नाहीत इतपत आवाज. पुढे पुढे तर त्यांनी दोन गाणी एकमेकांत मिसळणंही सोडून दिलं. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं, मग पुढचं.

हे दोन प्रवाह एकत्र आले आणि मग २०१३ मध्ये लंडनला 'ब्रिलियंट कॉर्नर्स', २०१८ मध्ये लॉस एंजेलिसला 'इन शीप्स क्लोदिंग' अशी ठिकाणं निघाली. कॉफीच्या जागी कॉकटेल आलं, बोलण्याची बंदी सैल झाली. मला स्वतःला ती सैल झालेली आवडते. मैफलीत दाद द्यायला तोंड उघडावंच लागतं.


एकवीस_मिनिटं

धागा आवडला, पण माझा अनुभव उलटा आहे आणि तोही इथे नोंदवला पाहिजे.

मी गेलो त्या ठिकाणी यंत्रं उत्तम होती. खोलीला मात्र दोन बाजूंनी काच, वर उघडं काँक्रीट. नऊ वाजेपर्यंत ठीक होतं. मग गर्दी वाढली, लोक मोठ्याने बोलू लागले, त्यावर मात करायला आवाज वाढवला गेला, की लोक आणखी मोठ्याने. अकरा वाजता नुसता कल्ला. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो हे एत्येन लाँबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्येच मांडून ठेवलंय. त्या संध्याकाळी रेकॉर्ड सजावटीसाठी होत्या. मी ज्या रेकॉर्डसाठी गेलो होतो ती लागली आणि मला फक्त झांजा ऐकू आल्या. फार वाईट वाटलं, कारण त्या दिवशी मी मित्राला मुद्दाम घेऊन गेलो होतो आणि त्याला वाटलं असेल की हेच ते.

तेव्हा उत्तररात्र, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: माणसं. तुमच्या काउंटरवरचे ते चौघे.


सोल्डर

@एकवीस_मिनिटं, सहमत. पण त्या माणसांना दोष देण्याआधी काचेला द्या. परतणारा आवाज कमी असेल तर लोक आपोआप हळू बोलतात. त्या चौघांना गप्प बसवण्यात पडद्याचाही वाटा होता.

कानांचंही सांगून ठेवतो. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा धरतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, १०० ला १५ मिनिटं. बाहेर पडल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर ते ठिकाण ऐकण्यासाठी नाही, स्पीकर कितीही महाग असो.


कोरडा

मी दारू पीत नाही. म्हणून आजवर अशा ठिकाणी जायचं टाळलं. एक पेय घेऊन दोन तास जागा अडवली तर चालतं का? जाणकारांनी मोकळेपणाने सांगावं.


मंद्र

@कोरडा, जरूर जा. ज्यांच्यापासून हे सुरू झालं त्या किस्सातेनमध्ये कॉफीच असायची, आणि 'द लॉफ्ट'मध्ये मद्य विकलंच जात नव्हतं. बिनमद्याची पेयं आता बहुतेक ठिकाणी मन लावून करतात. दोन तासांत दोन पेयं घेतलीत तर त्यांचाही हिशेब बसतो. गर्दीच्या दिवसापेक्षा आठवड्याच्या मधल्या वारी, दार उघडल्या उघडल्या जा.


तळाशीबर्फ

मी अशाच एका बारमध्ये काउंटरच्या आत काम करते, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही. कॉकटेलबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आमचं निम्मं काम आवाज न करण्याचं आहे. ब्लेंडर नाहीच. शेकर आहे, पण तो कधी हलवायचा हे आम्ही रेकॉर्डकडे बघून ठरवतो. फळांचा रस, अंडं किंवा क्रीम असलेलं पेय हलवावंच लागतं, त्यात हवा मिसळली पाहिजे, फेस आला पाहिजे. तसं पेय कोणी शांत तुकड्याच्या मध्यात मागितलं तर मी सगळं मापून तयार ठेवते आणि ड्रम सुरू झाले की हलवते. कधी बाजू संपेपर्यंत थांबते. आजवर एकाही पाहुण्याने तक्रार केलेली नाही.

नुसत्या मद्यांची पेयं ढवळायची असतात. लांब चमचा ग्लासाच्या आतल्या बाजूला टेकवून फिरवला की बर्फ एकसंध फिरतो आणि काहीच ऐकू येत नाही. हे जमायला मला सहा महिने लागले. हात नवीन असतो तेव्हा खळखळ होते.

बर्फाचं महत्त्व तर फार. आम्ही मोठा, काचेसारखा ठोकळा वापरतो. तो करायचा म्हणजे पाणी एकाच बाजूने गोठवायचं, मग हवा आणि बाकी गाळ शेवटच्या थरात ढकलला जातो आणि तो थर कापून टाकता येतो. मोठ्या ठोकळ्याचा पृष्ठभाग त्याच्या आकारमानाच्या मानाने कमी, म्हणून तो सावकाश वितळतो. एका एलपीची, म्हणजे मोठ्या रेकॉर्डची, बाजू साधारण वीस मिनिटं चालते. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत पेय पाणचट होऊ नये, हे माझं माप आहे. बारीक चुऱ्याच्या बर्फाला ते जमत नाही.

उत्तररात्र, बर्फ सरकला तो ऐकू आला असं तुम्ही लिहिलंत. काउंटरच्या आतून तो आम्हालाही ऐकू येतो, आणि ज्या रात्री येतो ती रात्र चांगली गेली असं आम्ही समजतो.


पानगळ

तळाशीबर्फ, तुमचा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेखच आहे. लिहा की.


खाचखळगे

एक प्रश्न, वाद घालायचा हेतू नाही. नव्या रेकॉर्ड्स बऱ्याचदा डिजिटल ध्वनिमुद्रणावरूनच कापतात. मग रेकॉर्डच का? तीच फाइल त्याच स्पीकरवर वाजवली तर?


सोल्डर

प्रश्न रास्त आहे, आणि प्रामाणिक उत्तर देतो, जरी माझं पोट या यंत्रांवर चालत असलं तरी.

मोजमापात रेकॉर्ड हरते. सीडीत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबल, चांगल्या एलपीत ६० ते ७०. शिवाय चर जसजसा आत जातो तसतसा सुईखालून सरकण्याचा वेग कमी होतो. बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर, लेबलजवळ २१ च्या आसपास. तेवढ्याच वेळाचं संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलं जातं, म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात स, श थोडे फाटतात. बास तर चरात पूर्ण मावतच नाही. कापताना तो मुद्दाम कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात, मग सुई आणि स्पीकरच्या मधलं एक छोटं यंत्र, म्हणजे प्रीअ‍ॅम्प उलट करून मूळ तोल परत आणतो. १९५४ पासून त्याचा एक ठरलेला नकाशा आहे, आरआयएए नावाचा. सुईतून निघणारी वीज काही मिलिव्होल्ट, मूव्हिंग कॉइल या जातीची सुई असेल तर त्याच्याही दहाव्या भागाइतकी. एवढ्याशा गोष्टीतून खोलीभर माणसांना हलवणारा आवाज उभा राहतो याचं मला तीस वर्षांनंतरही नवल वाटतं.

मग रेकॉर्डच का? माझं मत: ती थांबते म्हणून. वीस मिनिटांनी कोणीतरी उठून ती उलटावी लागते. पुढचं गाणं अंगठ्याने सरकवता येत नाही. तीच फाइल त्याच स्पीकरवर लावली तर आवाज तितकाच सुंदर येईल, कदाचित जास्तच स्वच्छ. पण पाच मिनिटांत कोणीतरी गाणं बदलेल.


खाचखळगे

पटलं. इतकं सरळ उत्तर या विषयावर पहिल्यांदा वाचलं.


डावाकान

मी सहसा फक्त वाचतो. आज लिहितो.

माझा उजवा कान लहानपणापासून कामातून गेलेला आहे, डाव्याला यंत्र लावतो. स्टिरिओ, म्हणजे दोन्ही बाजूंनी वेगळा येणारा आवाज, म्हणजे काय हे मी कधीच अनुभवलेलं नाही. बारमध्ये तर माझ्यासारख्याची फार दमछाक होते. यंत्र सगळाच गोंगाट वाढवून देतं, समोरचा काय म्हणतोय ते ओठांवरून ओळखावं लागतं, आणि तासाभरात डोकं दुखतं. मित्र बोलावतात, मी कारण सांगतो.

बहिणीने दोन वर्षांपूर्वी हट्टाने अशा एका ठिकाणी नेलं. मला तिथे कोणाशी बोलायचंच नव्हतं! सगळे गप्प होते. आयुष्यात पहिल्यांदा बारमध्ये मी बाकीच्यांसारखाच होतो. मी यंत्र काढून खिशात ठेवलं, डावा कान स्पीकरकडे करून बसलो आणि तळहात टेबलावर पसरून ठेवला. बास लाकडातून हातात येत होता. खालचे सूर कोपरापर्यंत, त्याच्या वरचे फक्त बोटांच्या टोकांना. वरचं जे कानाला कळत नव्हतं ते ताईने नंतर सांगितलं. तेव्हापासून दर महिन्याला जातो. ती नसली तरी जातो.

धागाकर्तीने विचारलंय कशामुळे घडलं. माझ्यापुरतं सांगायचं तर, तिथे ऐकणं हे एकच काम होतं आणि ते मला जमत होतं.


एकवीस_मिनिटं

डावाकान, लिहिलंत ते बरं केलंत. मी माझा मित्र आणि ती फसलेली संध्याकाळ धरून बसलो होतो. त्याला घेऊन पुन्हा जाईन, पडदे असलेल्या ठिकाणी.


मंद्र

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण मला निरोप येताहेत. अगदी भिंतीला किंवा कोपऱ्याला टेकून बसू नका, तिथे बास फुगतो. दोन स्पीकर आणि तुम्ही असा साधारण समभुज त्रिकोण झाला तर उत्तम, नाहीतर थोडं मागे. सिलेक्टरशी बोलायचं असेल तर रेकॉर्ड बदलून झाल्यावर बोला, सुई हातात असताना नाही. फोनचा दिवा त्या अंधारात फार लांबून दिसतो. आणि ओळखीचं काही लागलं नाही तर उठू नका, निदान ती बाजू संपेपर्यंत.

अवांतर: आपल्या जुन्या रेकॉर्ड कोणाला दाखवायला नेऊ नका. प्रत्येक ठिकाणी चालत नाही, आणि त्यांच्या सुया महाग असतात.


कोरडा

काल जाऊन आलो. बुधवार, आठ माणसं. आल्याचं काहीतरी प्यायलो, त्यातही तो मोठा बर्फ होता. बाकी नंतर लिहितो, अजून शब्द सापडत नाहीत.


उत्तररात्र

सगळ्यांचे मनापासून आभार. सोल्डर, मी वाकून बघितलं. काळ्या दगडाची लादी आहे, चार बोटं जाड.

परवा पुन्हा गेले, या वेळी भिंतीपासून दूर बसले. बास पहिल्यापेक्षा बारीक पण जास्त स्पष्ट वाटला. गर्दी नव्हती म्हणून एक बाजू संपल्यावर सिलेक्टर बाईंना मी त्या दिवशीच्या पियानोवाल्याच्या गुणगुणण्याबद्दल सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. चालू रेकॉर्डची दुसरी बाजू झाली तेव्हा त्यांनी तीच रेकॉर्ड काढली, मला कव्हर दाखवलं आणि या वेळी उलटी बाजू लावली.

ती बाजू मी कधीच पूर्ण ऐकलेली नव्हती. फोनवर चौथ्या तुकड्यानंतर माझा उतरायचा स्टॉप यायचा, दहा वर्षं तोच. तिथे पाचव्यात ड्रमवाला ब्रशने वाजवतो आणि पियानो जवळजवळ नसतोच. बास एकटा चालत राहतो.

डावाकान, मी तळहात टेबलावर ठेवला होता. लाकूड थरथरलं आणि मग सूर ऐकू आला, असंच वाटलं.


डावाकान

पुढच्या वेळी कोपरही टेकवून बघा.